निळी राहिलेली नळी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण मंडळाचे प्रमुख माननीय बंडूजी पाटील, व्यासपीठावरील आपले मुख्याध्यापक अण्णाजी तळवेकर, महिला मंडळाच्या संचालिका शोभाबाई, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती पुनाजी कुमरे, त्यांच्या सौभाग्यवती रुखमाबाई, माझे शिक्षकबंधू, अल्लीपुरातून आणि भोवतालच्या खेड्यांतून हे ऊन अंगावर घेत आलेले पालक, आणि दाराशी एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभे असलेले माझे विद्यार्थी,

रुखमाबाई, आधी नीट टेकून बसा. ती खुर्ची आज तुमचीच आहे.

सभाजनहो, मी बोलायला उभा राहिलो की कोणी मला घड्याळ दाखवत नाही. दाखवून उपयोग नसतो, हे हिंगणघाट तालुक्यातल्या साऱ्या सभा जाणतात. अण्णाजी हसताहेत, त्यांना अनुभव मोठा आहे. पण आज मी माझे घड्याळ स्वतःच मनगटावरून काढून या टेबलावर ठेवले आहे. आज एप्रिल महिन्याची तीस तारीख. संध्याकाळी पाच वाजता पुनाजींची बावीस वर्षांची नोकरी संपेल आणि त्यांची सेवापुस्तिका कायमची बंद होईल. त्या पुस्तिकेत सन बावन्नच्या ऑगस्टमध्ये एक शेरा लिहिला गेला आहे. "हा इसम विश्वासास पात्र नाही." तो शेरा पाच वाजण्याआधी खोडला गेला पाहिजे. एवढ्यासाठीच मी उभा आहे.

का खोडायचा? पुनाजी तर म्हणतात, राहू द्या. पण सेलूच्या बाजूला आदिवासी मुलांसाठी एक आश्रमशाळा निघते आहे. तिच्या चालकांनी धान्यभांडार सांभाळायला पुनाजींना बोलावले आहे. शंभर मुलांची ज्वारी, डाळ, गूळ यांच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असेल. चालकांनी एकच कागद मागितला आहे, सेवापुस्तिकेची नक्कल. 'विश्वासास पात्र नाही' असे लिहिलेल्या माणसाच्या हाती भांडाराची किल्ली कोण देईल? मी तरी देईन का?

हा शेरा लिहिणाऱ्याचे अक्षर मी चांगले ओळखतो. ते माझे आहे.

थोडे शांत राहा. मागच्या मुलांनो, कुजबूज नको. मी सगळे सांगणार आहे, पण मला ते माझ्या वाटेने सांगू द्या, कारण ही गोष्ट विज्ञानाच्या एका धड्यातून जाते आणि तो धडा कळल्याशिवाय माझा अपराध तुम्हाला कळायचा नाही.

गेल्या आठवड्यात एका सद्गृहस्थांनी मला बाजारात अडवले. "काऊन हो झाडे गुरुजी, आता शिपायाचाही निरोप समारंभ करून राह्यले?" त्यांचे नाव घेत नाही, ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांना मी उत्तर दिले नव्हते. आज देतो. मी या शाळेत नोकरीला लागलो तेव्हा विज्ञानाच्या पुस्तकात 'कर्बोदक' नावाचा शब्द होता. शब्द जड, पण फोड सोपी. कर्ब म्हणजे कोळशाचे मूळ द्रव्य आणि उदक म्हणजे पाणी. मी पोरांना सांगितले, साखर म्हणजे कोळसा आणि पाणी यांची जोडणी. पोरे हसू लागली. पांढरीशुभ्र साखर, तिच्यात कोळसा कुठला? मी पाऊण तास बोललो. ग्रीस देशापासून सुरुवात केली. पोरे जांभया देऊ लागली. तेव्हा मागून पुनाजी पुढे आले. त्यांनी एका कोरड्या काचनळीत चिमूटभर साखर टाकली, नळी चिमट्यात आडवी धरली आणि दिव्याच्या ज्योतीवर तापवली. साखर आधी वितळली, मग पिवळी, मग तांबडी आणि शेवटी काळीकुट्ट झाली. नळीच्या तोंडाशी दवासारखे थेंब जमले. पुनाजींनी नळी पोरांपुढे धरली.

"घ्या. कोळसा खाली, पानी वर."

सद्गृहस्थ, माझ्या पाऊण तासापेक्षा ते पाच शब्द मोठे होते. म्हणून हा समारंभ.

आता तो धडा. विद्वानांनी क्षमा करावी, मी तो साध्या भाषेत सांगतो. हिरवे पान हवेतून कर्बवायू घेते, मुळांतून पाणी घेते आणि सूर्याच्या बळावर दोहोंची साखर रांधते. आपण वऱ्हाड-विदर्भातली माणसे वैशाखातल्या उन्हाला शिव्या घालतो, पण हे ऊन नसते तर चूल पेटूनही तिच्यावर ठेवायला काही नसते. तुम्ही आज सकाळी जी भाकर खाल्ली, ती मागच्या वर्षीचे ऊन होते.

त्या साखरेचा एक कण म्हणजे एक मणी समजा. झाड हे मणी सुटे ठेवत नाही, ओवून ठेवते. ज्वारीच्या दाण्यात ते एका तऱ्हेने ओवले जातात, त्याला पिष्ट म्हणतात. आणि कापसाच्या बोंडात? तेथेही तेच मणी, सभाजनहो, अगदी तेच! फक्त गाठ मारण्याची तऱ्हा वेगळी. तुमच्या ताटातली भाकर आणि तुमच्या अंगावरचे धोतर ही सख्खी भावंडे आहेत. आपल्या तोंडातल्या लाळेला पहिली गाठ सोडता येते, दुसरी येत नाही. म्हणून भाकर पचते आणि धोतर पचत नाही. गाईच्या पोटात मात्र सूक्ष्म जीवांचा मोठा गोतावळा नांदतो, तो दुसरी गाठही सोडतो. म्हणून ती कडबा खाते आणि आपल्याला दूध देते.

सुटलेला मणी रक्तात जातो. हात त्यावर नांगर धरतो, डोके त्यावर विचार करते. उरलेले मणी यकृत पुन्हा ओवून कोठारात ठेवते आणि आपण उपाशी निजलो तर एकेक सोडून मेंदूला पोचवते. ही रीत मालगुजाराच्या देहात एक आणि त्याच्या सालदाराच्या देहात दुसरी, असे कुठे लिहिले आहे? कोणत्या पोथीत आहे? निसर्गाने कोणाची जात विचारून गाठ बांधलेली नाही. हे मी त्या काळी गावोगाव गरजून सांगत होतो. छाती बडवून सांगत होतो. पुढचे ऐकताना एवढे ध्यानात ठेवा.

सन बावन्नच्या ऑगस्टमध्ये मी नववीच्या वर्गाला लाळेचा प्रयोग करून दाखवायचे ठरवले. प्रयोग सोपा. पिष्टावर आयोडीनचा थेंब टाकला की गर्द निळा रंग उठतो. लाळेने पिष्ट मोडून त्याची साखर केली असेल, तर निळा रंग येत नाही, थेंब पिवळसर राहतो. प्रत्येकाने घरून भाकरीचा तुकडा आणायचा, पन्नास वेळा चावायचा, तो नळीत घ्यायचा, वर थोडे पाणी घालायचे आणि अर्धा तास कोमट पाण्यात ठेवायचे. बस.

पण आपल्याकडे 'उष्टे' नावाची एक गोष्ट आहे! बारा घरांची पोरे शाळेच्या भांड्यांत उष्टे टाकणार म्हटल्यावर गावात हलकल्लोळ झाला. त्यात वर्गात अन्नपूर्णा होती. गुलाबराव लोखंडे यांची ती मुलगी. दीड वर्षापूर्वी या घराने नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली, पण त्या वेळी गाव त्यांना जुन्याच नावाने ओळखत होते आणि जुन्याच अंतरावर ठेवत होते. अण्णाजींनी मला हळूच सुचवले, "झाडे, नळ्या दोन भांड्यांत ठेवा. कोणाचे काही म्हणणे राहणार नाही." मी उसळलो. एकच घमेले! सगळ्यांची नळी एकाच पाण्यात! मंडळाच्या बैठकीत मी असा बोललो की विरोध करणाऱ्यांनी माना खाली घातल्या. अध्यक्षमहाराज, आपण तेव्हा साधे सभासद होता. आपणच म्हणालात, "होऊ द्या प्रयोग. मी स्वतः पाहाले येतो." ते मी विसरलेलो नाही.

प्रयोगाच्या दिवशी मी विजयी वीरासारखा प्रयोगशाळेत शिरलो. विद्यार्थी बारा, आणि गुरूने मागे का राहावे म्हणून तेरावी नळी माझी. पुनाजी नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावत होते. चिकटवायला मी कोष्ट्यांकडून आणलेली खळ दिली होती.

"गुरुजी, हे खळ गरम पान्यात सुटन. सूत बांधू काय नळ्यायले?"

"पुनाजी, वेळ नाही. पाहुणे आले आहेत."

ज्यांच्या घरी माग आहे ते आताच हसू लागले. खळ म्हणजे तरी काय? पिष्टच! पिष्टाचा धडा शिकवायला निघालेल्या विज्ञानशिक्षकाला एवढे सुचू नये की कोमट पाण्यात खळ सुटेल? अर्ध्या तासाने पाहतो तर तेराही चिठ्ठ्या कढईतल्या पापड्यांसारख्या पाण्यावर तरंगत होत्या आणि नळ्या सगळ्या निनावी. मी हसून म्हणालो, उत्तमच झाले, निसर्गाने आपणहून नावे पुसली! टाळ्या झाल्या. मग एकेका नळीत आयोडीन टाकले. पिवळी. पिवळी. पिवळी. बारा नळ्या पिवळ्या राहिल्या.

एक निळी झाली.

बंडूजींनी विचारले, "गुरुजी, हे निळी कोनाची?" सरळ प्रश्न होता, त्यात काही खोट नव्हती. मला ठाऊक नव्हते. सरळ उत्तर होते, 'ठाऊक नाही.' ते मी दिले नाही. माझे डोळे आपोआप अन्नपूर्णेकडे वळले.

सभाजनहो, मी तिचा द्वेष करत नव्हतो, हे तुम्हाला पटेल. म्हणूनच मी आज स्वतःला सोडत नाही. द्वेष करणारा माणूस निदान लपून करतो. मी तिच्यावर उघड दया केली, तीही मोठ्या आवाजात. मी म्हणालो, "ज्या लेकराच्या पोटात अन्न नाही, त्याच्या लाळेत बळ कोठून येणार? हा दोष या मुलीचा नाही, हा दोष तुमचा माझा आहे, या समाजाचा आहे!" वीस मिनिटे बोललो. खिडकीबाहेर माणसे जमली. एका वयस्क शिक्षकांनी डोळे पुसले. मध्येच ती उठून उभी राहिली होती, तिला काही सांगायचे होते. मी प्रेमाने हाताची खूण केली, बस बेटा. आणि पुढे बोललो. नोंदवहीत तिच्या नावापुढे मी लिहिले, 'प्रयोग असफल.'

उपाशी माणसाच्या लाळेतही पिष्ट मोडण्याची शक्ती असते, हे मला माहीत नव्हते का? माहीत होते. पुस्तकात वाचलेले होते. पण भाषण रंगात आले की पुस्तक मागे पडते, हा माझा जुना आजार आहे.

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णा शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. गुलाबराव अंगणात बाज विणत होते. मी बोलायला सुरुवात केली. त्यांनी सुतळी खाली ठेवली.

"गुरुजी, पोरीच्या पोटाचं आमी पाहून घेऊ. तुमी भाषन नका देऊ."

मी परत आलो. वाटेत मनाशी म्हणालो, केवढे हे अज्ञान! गुलाबराव, आपण येथे आहात. मान हलवू नका. अज्ञान कोणाचे, हे ठरायला साडेपाच वर्षे लागली.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळा उघडली. आयोडीनची बाटली जागेवर होती, पण बोटभर कमी. चार नळ्या धुऊन उलट्या ठेवलेल्या, अजून ओल्या. शनिवारी मी स्वतः कुलूप लावले होते आणि दुसरी किल्ली पुनाजींकडे होती.

"पुनाजी, बाटली कोणी नेली?"

"मी नेलती. काल."

"काऊन?"

"काम होतं."

"कसले काम?"

मी तीनदा विचारले. तीनदा ते त्या ओल्या नळ्या पुसत राहिले. आयोडीन जखमेवर लावायला चालते, बाजारात विकतेही. माझ्या मनात काय आले ते सांगायला नको. ज्याचे शब्द ऐकायला तालुका जमतो, त्याला एका शिपायाने उत्तर देऊ नये? मी लेखणी घेतली आणि तो शेरा लिहिला. त्यावर मंडळातर्फे सही झाली. पुनाजींना प्रयोगशाळेतून काढून दोन वर्षे फाटकावर घंटेपाशी उभे केले. रुखमाबाईंनी मला परवाच सांगितले, "घरी आले का बोटं हुंगत बसत. मी म्हनो, काय हुंगता? तं म्हने, नळ्यायचा वासच नाई राह्यला हाताले." दोन वर्षांत नव्या माणसाने निम्म्या नळ्या फोडल्या, म्हणून पुनाजींना परत आणले. क्षमा मागून नव्हे, नळ्या फुटल्या म्हणून!

आणि त्याच सोमवारी, दुसऱ्या तासाला, अन्नपूर्णा वर्गात येऊन बसली होती.

मी काय समजलो असेन? समजलो की माझे शनिवारचे शब्द त्या अंगणात रुजले. पुढची साडेपाच वर्षे ही गोष्ट मी सभांतून सांगितली. वर्धेला सांगितली, आर्वीला सांगितली, तळेगावात बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभा राहून सांगितली. 'एका दलित कन्येला मी ज्ञानमंदिरात परत आणले.' दर वेळी टाळ्या. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ती ऐकली आहे. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी त्या आज मनातल्या मनात परत घ्याव्यात.

अन्नपूर्णा आता नागपूरला रसायनशास्त्र शिकते. तीन आठवड्यांपूर्वी ती पुनाजींना भेटायला आली. शिक्षकांच्या खोलीत पाहुणे बसले होते. मी तिला पुढे घेतले आणि तिच्याच देखत ती गोष्ट सुरू केली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली,

"गुरुजी, तुम्ही घरात आलेच नव्हते. बाबानं तुम्हाले आंगणातूनच वापस लावलं. मी दाराआड होती."

"मग तू शाळेत परत आलीस ती?"

"पुनाकाकानं आणलं."

ती सांगत गेली. त्या रविवारी पुनाजी खिशात बाटली आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीत चार नळ्या गुंडाळून तिच्या घरी गेले. कोणाला काही समजावले नाही. चुलीवर पाणी कोमट करायला सांगितले. एका नळीत अन्नपूर्णेची चावलेली भाकर, दुसरीत तिच्या आईची, तिसरीत स्वतःची. मग त्यांनी कमरेची डबी काढली, बोटावर चुना घेतला, तोंडात फिरवला, पुन्हा भाकर चावली आणि ती चौथ्या नळीत टाकली. नळ्यांना सूत बांधले. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी, चार गाठी. अर्ध्या तासाने आयोडीन टाकले. तीन नळ्या पिवळ्या. चुन्याची नळी निळी.

"पाह्यलं पोरी? लाळ सगळ्यायची सारखीच हाय. चुना आला का ते काम करत नाई. त्या दिवशी निळी झाली थे नळी तुही नव्हती. बुडाले बुडबुडा होता तिच्या. थे म्या गुरुजीच्या हाती देल्ली होती."

सभाजनहो, मी तेव्हा तंबाखू खात होतो. चुना मळून. प्रयोगाच्या आधी खिडकीतून थुंकलो होतो आणि तोंडही खळाळले नव्हते. चिठ्ठ्या तुम्हा-आम्हाला लागत होत्या. तोवर सोळा वर्षे ज्याने एकेक नळी हाताने धुतली त्याला नळीचा चरा, टवका, बुडबुडा पाठ होता. निळी नळी माझी होती.

माझी होती! तेरा जणांत ज्याची लाळ त्या दिवशी हरली तो मी, आणि वीस मिनिटे दया केली मी दुसऱ्यावर!

आणि हेही पाहा. शाळेची पायरी ज्यांनी विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही, त्या गोंड पाड्यातल्या माणसाने काय केले? त्यांनी नुसते 'तुझी चूक नाही' म्हटले नाही. चूक कोठे झाली असेल याचा तर्क केला, ती चूक स्वतःच्या तोंडात मुद्दाम पुन्हा करून पाहिली आणि शेजारी तीन निर्दोष नळ्या ठेवल्या. विज्ञान याहून वेगळे काय असते? मी विज्ञानावर बोलत होतो. ते विज्ञान करत होते.

अन्नपूर्णेला मी विचारले, "त्या दिवशी तू उठून उभी राहिलीस, तुला काय म्हणायचे होते?" ती हसली. "हेच, का मी उपाशी नव्हती. सकाळी दोन भाकरी खाऊन आली होती."

मी तसाच प्रयोगशाळेत गेलो. पुनाजी फडक्याने टेबल पुसत होते.

"पुनाजी, त्याच दिवशी का नाही बोललात?"

"तुमी बोलून राह्यले होते गुरुजी. बोलत्या मानसाले मधात कसं तोडावं?"

"मग सोमवारी? मी तीनदा विचारले होते."

त्यांनी फडके पिळले. "सांगतलं असतं तं तुमाले पोरायपुढं खाली पाह्यले लागलं असतं. मास्तराची मान खाली गेली का पोरं शिकत नाईत. मले काय, घंटी तं घंटी."

मी त्यांना 'विश्वासास पात्र नाही' लिहिले होते. मंडळी, माझा मान साडेपाच वर्षे ज्यांच्या मुठीत होता आणि ज्यांनी ती मूठ एकदाही उघडली नाही, त्या माणसाबद्दल.

आज हे सांगायला मी दोघांची परवानगी मागितली. अन्नपूर्णा तिसऱ्या रांगेत वडिलांजवळ बसली आहे. तिने एकच अट घातली, "गुरुजी, मले गरीब बिचारी करू नका." बेटा, प्रयत्न केला आहे. कोठे चुकलो असेन तर उठून उभी राहा, आज मी थांबेन. पुनाजींनी परवानगी दिलेली नाही. आताही ते हाताने नको नको म्हणत आहेत. पुनाजी, तुमचे आजवर ऐकायला हवे होते तेव्हा मी ऐकले नाही. आज एवढे एक तरी न ऐकू द्या.

अध्यक्षमहाराज, काल आपल्या घरी मी हा विषय काढला तेव्हा आपण म्हणालात, "मागचं उकरून मंडळाची शोभा काऊन करता गुरुजी? त्या शेऱ्यावर माही बी सही हाय." आपली अडचण मी समजतो. पण मंडळाची शोभा कशात आहे? चूक झालीच नाही असे दाखवण्यात, की झालेली चूक ज्याच्या माथी मारली त्याच्या डोक्यावरून उतरवण्यात? आपण माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. तो विश्वास मी चुकीच्या जागी वापरला. दोष लेखणीचा, सहीचा नव्हे. मात्र नियम असा आहे, आणि अण्णाजींनी तो मला दाखवला आहे, की शेरा लिहिणाऱ्यानेच तो खोडावा, खाली कारण लिहावे आणि अध्यक्षांनी सही करावी. तेही माणूस नोकरीत असेपर्यंत. पावणेपाच होत आले आहेत.

अण्णाजी, ती पुस्तिका इकडे द्या. आभारी आहे.

मी सर्वांसमक्ष ती ओळ खोडत आहे. आणि तिच्याखाली लिहितो ते मोठ्याने वाचतो. "वरील शेरा प्रभारी शिक्षकाने चौकशी न करता लिहिला. पुनाजी कुमरे यांनी साहित्य नेले ते शिक्षकाने केलेली चूक दुरुस्त करण्यासाठी. त्या चुकीमुळे विद्यालयाची एक विद्यार्थिनी शाळा सोडणार होती, ती त्यांच्यामुळे परत आली. प्रयोगशाळेतील कोणतीही वस्तू, आणि कोणाचाही मान, त्यांच्या हाती सुरक्षित राहिला." खाली माझी सही. तारीख आजची.

याहून अधिक लिहायला या रकान्यात जागा नाही. आणि याहून अधिक बोलायचा मला अधिकार नाही.

सभाजनहो, या समारंभासाठी मांडव घालणाऱ्या पालकांचे, फराळाची व्यवस्था पाहणाऱ्या शोभाबाईंचे आणि त्यांच्या महिला मंडळाचे, आणि एवढ्या उकाड्यात माझे बोलणे सोसणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. नावे घेताना कोणी सुटले असेल, मान देताना कोठे उणे पडले असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. एक क्षमा मात्र मी सभेकडे मागत नाही, कारण ती देणे सभेच्या हाती नाही. ती मी अन्नपूर्णा लोखंडे आणि पुनाजी कुमरे यांच्याकडे मागतो. त्यांनी ती आजच द्यावी, किंवा द्यावीच, असा माझा आग्रह नाही.

अध्यक्षमहाराज, आपण मघापासून खिसे चाचपत आहात. चष्मा आपल्या कपाळावर आहे. हो, तोच. आणि सही येथे करायची, या मोकळ्या जागेत. सावकाश करा, पाच वाजायला अजून आठ मिनिटे आहेत.